फ्यूजच्या जागी तार

डॅशबोर्डखालून धूर यायला लागला तेव्हा हिराबाई आणि तिची पाच वर्षांची नात परी जीपच्या मागच्या भागात बसल्या होत्या, आणि मागचं दार आतून उघडत नव्हतं. मनोरीची गोष्ट सांगतेय. नारळी पौर्णिमा होती, चार-साडेचारचा सुमार, सगळं गाव नटून किनाऱ्यावर उभं. हिराबाईचा नवरा पांडू नाखवा, त्याच्या दोन होड्या आहेत, आणि त्या वाळूवर ओढायला ही जीप. तिला झेंडूच्या माळा घातलेल्या, नाखवा स्वतः स्टेअरिंगवर, आणि हौसेनं पुढचे चार न मागचे दोन असे सगळे दिवे चालू ठेवलेले, भर उजेडात, अर्धा तास. मी एकदा सांगितलं, बंद कर रे. तो म्हणाला, मावशी, आज सण आहे.

पुढचे चार दिवे मी बसवलेले. मागचे दोन माझे नव्हते. ते मला त्या दिवशीच दिसले, आणि हे कुणी बसवले म्हणून मी विचारलं तर बँजोच्या आवाजात ऐकू आलं नाही असं नाखव्यानं दाखवलं. ऐकू आलं होतं. मी माणसाचं तोंड बघते.

धूर आला तशी त्यानं चावी काढून घेतली. तरी दिवे जळतच होते. चावी हातात आणि दिवे चालू, हे बघितलं आणि मला कळलं की रिले, दिव्यांना वीज जोडणारा खटका, आतून चिकटला, आता ही वीज थांबायची नाही, बॅटरीच तोडायला लागेल. पोरं घागरी घेऊन समुद्राकडे पळाली, मी ओरडले, पाणी नको रे, मागचं दार फोडा आधी. बॉनेट उघडलं. त्या गाडीच्या बॅटरीला काळ्या वायरीवर मी मुद्दाम दोन कानांचा नट लावला होता, पाना लागत नाही, बोटानं फिरतो, रोज गाडी लावली की काढायचा, खाऱ्या हवेत बॅटरी उतरत नाही. मी हात घातला तर कानच नाहीत. साधा षटकोनी नट, पान्यानं आवळलेला. दोन बोटं तिथंच भाजली. आत परी किंचाळत होती. हिराबाईचा आवाज येत नव्हता, त्याचीच जास्त भीती.

नारळ सोलायचा कोयता पूजेच्या पाटाशेजारी पडला होता. तो घेतला आणि काळी वायर बॅटरीच्या लोखंडी पट्टीवर धरून तोडली. पहिल्या घावात निम्मी, तिसऱ्यात पूर्ण. लाल तोडली असती तर कोयता पत्र्याला लागून तिथंच भडका उडाला असता. दिवे विझले. मग म्हटलं, आता टाका वाळू.

तोवर पोरांनी मागचं दार पत्र्यासकट उपटलं होतं. हिराबाईनं लुगड्याचा पदर नातीच्या तोंडावर गच्च दाबून धरला होता, स्वतःच्या नाही. म्हणून तिचा आवाज येत नव्हता.

आणि वाळूत त्या दोघी खोकत असताना पहिलं वाक्य काय ऐकलं असेल मी? गर्दीतून कुणी तरी म्हणालं, वायरिंग कुणी केलं होतं? आणि दुसरा म्हणाला, त्या म्हातारीनं, निळा दोरा बघ ना.

आता सुरुवातीपासून सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच तडतडते.

माझा बाप जालन्याकडचा, घाटकोपरला डोंगराच्या खाणीत खडी फोडायला आला. मी जन्मले इथेच. नगरपालिकेच्या शाळेत चौथी पास झाले, पास म्हणजे चांगली पास, गणितात वर्गात पहिली, पण त्याच साली आईला पाचवं पोर झालं आणि ते कडेवर घ्यायला कुणी तरी पाहिजे होतं. संपली शाळा. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर, शिका म्हणून सांगणारा, आणि फोटोखाली मी पोर घेऊन बसलेली. आईला एकदा बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, मग तू सांभाळू नको, मी खाणीत नेते याला. पोर परत कडेवर घेतलं.

सतराव्या वर्षी लग्न झालं. यशवंत नाव नवऱ्याचं. गाड्यांचा वायरमन, अंधेरीला वर्सोव्याच्या बाजूला गॅरेजची गल्ली आहे तिथं त्याची टपरी. माणूस शांत, हात हुशार, उस्तादानं चांगलं शिकवलेलं. लग्नानंतर दोन महिन्यांनी एक दिवस भुवया जळालेला घरी आला. म्हटलं काय झालं? सांगेना. जेवण झाल्यावर हळूच म्हणाला, कौसा, मला लाल आणि काळी एकच दिसते.

ऐकलंत ना? वायरमन माणूस, त्याला लाल न काळी वायर एकच दिसते. आजवर कसं चालवलं? तर म्हणे उस्तादानं कुठली वायर कुठे असते ते पाठ करून घेतलं होतं, आणि नवीन गाडी आली की कुणाला तरी गमतीत विचारायचा, ही कुठली रे. उस्तादालाही माहीत नव्हतं. मी डोक्याला हात लावला. मला बघायला आला तेव्हा माझी आई साडीचा रंग कसा दिसतो पोरीला म्हणून विचारत होती आणि हा म्हणाला होता, छान. साडी लाल होती. त्यानं काळी बघितली असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन टपरीवर जायला लागले आणि तिथंच बसायला लागले. मांडीवर मेथी घ्यायची, निवडत बसायची. तो गाडीखाली, तिथून हळू आवाजात विचारायचा, लाल का काळी, कौसा? मी पानं खुडत सांगायची, काळी. गल्लीतले हसायचे. यशवंतला बायकोशिवाय करमत नाही. एक जण तर रोज म्हणायचा, काय वहिनी, आज कुठली भाजी? मी म्हणायची, तुझ्या तोंडाला लागेल ती. पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तो जिवंत असेपर्यंत नाही. आज सांगतेय, आता त्याचं कोण काय बिघडवणार.

वर्षभरानं मेथी घरी राहिली आणि पक्कड माझ्या हातात आली. आणखी काही वर्षांनी काम मीच करायची आणि तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, कारण गिऱ्हाइकाला पुरुष माणूस बोलायला लागतो. तो गेला त्याला पंधरा वर्षं झाली. त्या दिवशी टपरीवर एक टेम्पो उघडून ठेवला होता, सगळ्या वायरी बाहेर. चौथ्या दिवशी जाऊन जोडून दिला. दुसरं कोण जोडणार होतं?

तर हे जादा दिव्यांचं काम. मुलुंड-ठाण्याकडची सोसायटीतली पोरं, मोठी जीप घेतात, शनिवार-रविवार डोंगरात चिखलात घालतात, आणि सगळ्यांना कपाळावर दिवे पाहिजेत. मंदिराच्या कमानीसारखे. येतात, उतरतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, कुणी आहे का? मी म्हणते मी आहे. तसं नाही आजी, काम करणारं. मी म्हणते, बस खाली.

मग त्याला सांगावं लागतं. हेडलाइटची जी वायर आहे ना, ती कंपनीनं दोन दिव्यांपुरती दिलीय. तू तिलाच आणखी चार दिवे जोडायला सांगतोस. चाळीच्या एका नळाला सहा बिऱ्हाडं लावल्यावर काय होतं? पाणी कुणालाच नाही आणि भांडण रोज. वायरीचंही तेच, फक्त ती भांडत नाही, तापते. म्हणून हेडलाइटकडून घ्यायचा तो नुसता निरोप. अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, लागला, एवढाच निरोप, बारीक वायरीनं रिलेला द्यायचा. दिव्यांना लागणारी वीज रिलेनं घ्यायची थेट बॅटरीकडून, जाड वायरीनं. आणि त्या जाड वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. हातभर नाही, वीतभर. कारण फ्यूजच्या अलीकडं जेवढी वायर उघडी राहिली, तेवढीला कुणी वाली नाही. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो, आणि वायर असते ती गाडीत बसलेल्या माणसांच्या पायाखाली. एवढंच आहे. चौथी पास बाईला कळतं. पोरगा फोन काढून म्हणतो, पण आजी, व्हिडिओत तर डायरेक्ट जोडलंय. मग जा व्हिडिओकडे, तो येईल आग विझवायला.

माझ्या कामाच्या दोन खुणा आहेत. पत्र्याच्या भोकातून वायर नेली की तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालते, म्हणजे पत्रा वायरीला चावत नाही. आणि सगळ्या वायरी एकत्र करून निळ्या नायलॉन दोऱ्यानं बांधते. प्लास्टिकची काळी चिकटपट्टी नाही वापरत, समुद्राच्या हवेत तिचा डिंक वितळतो आणि दोन पावसाळ्यांत ती सापाच्या कातीसारखी लोंबते. निळाच दोरा का, ते विचारू नका. निळाच.

आता माझा मुलगा, मिलिंद. एकुलता. डावखुरा आहे. टपरीवरच वाढला, मीच शिकवला, पण मी उजवी आणि तो डावा, समोर बसवून शिकवावं लागायचं, आरशात बघितल्यासारखं. पुढे आयटीआय केलं, सर्टिफिकेट आलं, मी पेढे वाटले. मग बोरिवलीला दुकान टाकलं. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर दिवेच दिवे, आणि गिऱ्हाइकाला बसायला सोफा. एकदा मी गेले होते, हाताला ग्रीस होतं, तर म्हणाला, आई, सोफ्यावर नको. आणि कुणी विचारलं की आई काय करते, तर सांगतो घरी असते. हे मला त्याच्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं, जो आधी माझा होता. घरी असते! ज्या पकडीनं त्याला घास मिळाला ती पकड लपवायची, आणि वरून चार माणसांत म्हणायचं, आमचा फॅमिली बिझनेस आहे.

असो. पांडू नाखवा माझ्याकडे आला तो त्याच्या बहिणीमुळं. ती वर्सोव्याची, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसते. मनोरीहून जीप आणायची म्हणजे उत्तन-भाईंदरवरून लांबचा फेरा, पण तो आला. म्हणाला, होडी पहाटे येते तेव्हा वाळूवर अंधार, दोरी दिसत नाही, गेल्या साली एकाची बोटं दोरीत गेली. पुढं चार दिवे पाहिजेत. मी दोन दिवस घेतले. त्या गाडीचा पत्रा खारानं खाल्लेला, म्हणून अर्थिंग पत्र्याला दिलंच नाही, चारी दिव्यांची परतीची वायर सरळ बॅटरीच्या काळ्या वायरीला आणून जोडली. कानाचा नट लावला. हिराबाईला बोलावून तिलाच शिकवलं कसा काढायचा, कारण नाखवा विसरणार हे तोंडावरच दिसत होतं. तीन वर्षं ते दिवे नीट जळले. एकदाही फ्यूज उडाला नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर त्याचा फोन, मावशी, मागं दोन दिवे पाहिजेत, होडी ओढताना मागं बघायला. मी म्हटलं, लावू, पण याच लायनीवर नाही लागणार, ती चौघांची आहे, दोघांची वेगळी लाइन टाकावी लागेल, वेगळा रिले, वेगळा फ्यूज. मंगळवारी मी स्वतः येते मार्व्याच्या फेरीबोटीनं. तो म्हणाला बरं. मग सोमवारी फोन, नको मावशी, आता राहू दे, पुढच्या सालाला बघू. मी म्हटलं, बरं बाबा. पुढं सणाला जेवायला या म्हणाला, म्हणून मी गेले होते. नारळीभात खाल्ला, आणि मग ते झालं.

डॉक्टरनं उजव्या हाताला पट्टी बांधून घरी पाठवलं. आणि सहाव्या दिवशी फोन, विम्याचा माणूस येणार आहे, तुम्हाला यायला लागेल. गेले. जीप ताडपत्रीखाली. नाखवा खाली मान घालून. हिराबाई ओट्यावर, परी तिच्या मांडीत, पोरगी आता बॅटरीचा टॉर्चसुद्धा लावू देत नव्हती म्हणे. आणि कोण आलंय बघते तर मिलिंद. इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं आईचा हात भाजला म्हणून आला. तर नाही. नाखव्यानं त्याला आणलं होतं, जाणकार म्हणून, विम्याच्या माणसाला समजावून सांगायला.

तो विम्याचा माणूस वयानं मिलिंदएवढाच. हातात पुठ्ठा, त्यावर कागद. मला म्हणतो, आजी, हे काम तुम्ही केलं? मी म्हटलं, पुढचं मी केलं. शिक्षण? चौथी. सर्टिफिकेट आहे का काही? मी म्हटलं, गाड्या आहेत, पाहिजे तर दाखवते, रस्त्यावर फिरतायत. तो हसला आणि लिहिलं काही तरी. मग मिलिंदकडं वळून म्हणाला, सर, तुम्हाला काय वाटतं? सर! आणि माझा मुलगा, काय सांगू तुम्हाला, माझ्याकडं न बघता म्हणाला, जुन्या पद्धतीचं काम आहे. आईचं वय झालं आता. नजर पूर्वीसारखी राहिली नाही.

माझी नजर. ज्या नजरेवर त्याच्या बापानं जन्म काढला.

ताडपत्री ओढली, बॉनेट वर केलं. आग आत डॅशबोर्डच्या बाजूला लागलेली, बॅटरीची बाजू नुसती काळवंडलेली, माझा निळा दोरा अर्धा जळून अर्धा तसाच. डाव्या हातानं तो सोडवला. दोऱ्याखाली काळी चिकटपट्टी. मी म्हटलं साहेब, ही पट्टी मी वापरत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. पट्टी सोलली. तिच्याखालून दोन बारीक वायरी निघत होत्या, माझ्या रिलेला जोडलेल्या आणि पत्र्याच्या भोकातून आत जाणाऱ्या. भोकात ट्यूब नाही. पत्र्यानं वायर सोलून काढलेली. ही मागच्या दोन दिव्यांची. चार दिव्यांच्या ताटात सहा जेवायला बसवले. मग फ्यूज उडणार, उडायलाच पाहिजे, तो त्याचं काम करत होता. मी फ्यूजची डबी उघडली. फ्यूज नव्हता. त्या जागी तांब्याची तार, चार पदर एकत्र पिळून, दोन्ही टोकं वाकवून घातलेली.

तार हातात घेतली आणि मी तिथंच थांबले. पीळ उलटा होता.

तुम्ही दोन तारा घ्या आणि पिळून बघा. उजवा माणूस एका बाजूला पिळतो, सगळे तसेच पिळतात, त्यांना माहीतही नसतं. डावा माणूस उलट पिळतो. हा पीळ मी वीस वर्षं समोर बसून बघितलेला. तेव्हा मी त्याला म्हणायची, लोकांसारखा पीळ, आणि तो म्हणायचा, आई, घट्ट बसला ना? मग झालं.

घट्ट बसला होता. ते खरंय.

मी चुलीसारखी तापले होते, पण आवाज चढवला नाही. पिशवीतून वायरीचे तुकडे काढले, दोन तुकडे विम्याच्या माणसाला दिले. म्हटलं, साहेब, जरा पिळून दाखवा. तो म्हणे कशाला? मी म्हटलं, माझा हात बांधलेला आहे, चौथी पास बाईवर उपकार करा. त्यानं पिळले. मी ते डबीतल्या तारेशेजारी धरले. एक इकडं वळलेली, एक तिकडं. त्यालाही दिसलं, आंधळा नव्हता. मग आणखी दोन तुकडे काढले आणि मिलिंदसमोर धरले. म्हटलं, आता तू पिळ.

त्यानं हात खिशात घातले.

एसीच्या दुकानातला माणूस, भर उन्हात, दोन्ही हात खिशात. मी तुकडे धरून उभी. नाखवा म्हणायला लागला, मावशी, जाऊ दे ना. तेव्हा ओट्यावरून हिराबाई बोलली. काय जाऊ दे? तुम्ही नेली होती ना गाडी बोरिवलीला? सोमवारी नेली, संध्याकाळी आणली. कौसाबाय मंगळवारी येते म्हटली, तर तुम्हाला दम नव्हता. मला म्हणालात, तिला सांगू नको, तिच्या पोराकडंच नेली, घरातलं घरात. या पोरीला घेऊन आत मी बसले होते, तुम्ही नाय. आता बोला.

नाखव्याचं तोंड वाळलेल्या बोंबलासारखं झालं. त्याच्यावरही माझा राग आहे, तो काही कमी नाही. फसवायचं असतं तर परक्याकडं जाऊन फसवावं. घरातलं घरात म्हणे.

त्या माणसानं पुढं काय लिहिलं ते इंग्रजीत होतं. मी हिराबाईच्या सुनेकडून वाचून घेतलं, दोनदा. माझं नाव त्यात नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. विमा मिळाला की नाही ते नाखव्याचं तो बघेल.

परतीच्या फेरीबोटीत मिलिंद माझ्याशेजारी उभा राहिला. म्हणाला, आई, गिऱ्हाईक घाईत होतं, दोनदा फ्यूज उडाला, मी तात्पुरती तार घातली, परत या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, तार तात्पुरती होती, आणि आत बसलेली पोरगी? ती कायमची होती ना? मी म्हटलं, कानाचा नट का काढलास? म्हणे, तो बरा दिसत नव्हता, जुगाड वाटायचा. बरा दिसत नव्हता! माझी बोटं गेली त्या दिसण्यात.

आणि मग मी जे विचारायचं ते विचारलं. घाईत काम केलंस, वाईट केलंस, कबूल. घाईत माझ्या हातूनही चुका झाल्यात. पण तुझी पट्टी गुंडाळून झाल्यावर वरून माझा निळा दोरा परत का बांधलास? सोडलेला दोरा फेकून द्यायचा. बांधलास का?

म्हणाला, काम नीट दिसावं म्हणून.

काम तुझं, आणि नीट दिसायला दोरा आईचा. सर्टिफिकेट भिंतीवर तुझं, आणि आग लागल्यावर वय झालं ते माझं. मी म्हटलं, तुझ्या बापाला लाल-काळी दिसत नव्हती, तरी त्यानं आयुष्यात एका फ्यूजच्या जागी तार घातली नाही, न दिसणारा माणूस विचारत होता, तू दिसणारा विचारायला लाजलास. मिलिंदला बापाचं ते माहीतच नव्हतं. मी खाडीकडं बघत राहिले. त्याला काय वाटलं मी विचारलं नाही. मार्व्याला उतरलो, तो बोरिवलीला गेला, मी अंधेरीला.

हे गेल्या सालचं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना आता काही लागत नाही, गरम नाही, गार नाही. वायर सोलायला डाव्या हाताची सवय केली. जीपचं काम परत मीच केलं, बॅटरीपासून सगळं नवीन, मागच्या दोघांची वेगळी लाइन, वेगळा फ्यूज, आणि मागचं दार आतून उघडेल असं करून घेईपर्यंत चावी नाखव्याला दिली नाही. तो माझ्या पाया पडायला आला. मी म्हटलं, पाया पडू नको, नट रोज काढ. काढतो की नाही देव जाणे, हिराबाई मात्र काढते, ती फोनवर सांगते.

मिलिंद रविवारी येतो कधी कधी. जेवतो. माफी मागितली का म्हणून विचाराल तर नाही, आणि मी काही ताटावर बसून वाट बघत नाही. मागच्या महिन्यात मात्र एक गाडी घेऊन आला टपरीवर, स्वतः, गिऱ्हाइकासमोर, आणि म्हणाला, आई, हे जरा बघतेस का, मला खात्री नाही. मी बघितलं. बरोबर होतं त्याचं. बरोबर आहे म्हटलं, जा. ती तार मी टपरीत खिळ्याला अडकवलीय. त्याला दिसली. तो बघून गेला.

माझा राग गेला नाही, आणि जाऊ द्यायची मला घाईही नाही. सर्टिफिकेट विचारणारे अजून येतात, कुणी आहे का म्हणणारेही येतात. त्यांना मी खाली बसवते आणि नळ-बिऱ्हाडांचं सांगते. तुमच्याकडं गाडी असली आणि जादा दिवे असले तर आज घरी जाऊन फ्यूजची डबी उघडून बघा. फ्यूज असला तर सुखानं नांदा. तार असली तर ज्यानं घातली त्याला आत बसवा.

त्या दिवशी जीपमध्ये तिघं होते, पांडू नाखवा, हिराबाई आणि परी. तिघंही जिवंत आहेत. परी यंदा पहिलीत गेली. बाहेर मी होते, मीही आहे.